चिमाच्या नावाचं बोट

१

सोमवारी दुपारी तीन वाजता वकील निलेश हडपांनी पेज चेंबर्सच्या दुसऱ्या मजल्यावरचं लोखंडी कपाट उघडलं, तेव्हा पेठारवाडीची फाईल जागेवर नव्हती.

त्यांनी खालचे कप्पे पाहिले. कपाटामागे हात घालून चाचपलं. हिरड्याची पोती सरकवली, मधाच्या बाटल्यांचे खोके उचलून ठेवले. मग दारात येऊन हाक मारली.

"सुरेखाताई, पेठारवाडीची मूळ फाईल तुम्ही काढलीत का?"

"नाही हो. सकाळी तुम्हीच परत ठेवलीत ना?"

सुरेखा ऐनकर डोंगरपट्टा महिला संघाची व्यवस्थापक. हा संघ कर्जत तालुक्यातल्या वाड्यांमधून हिरडा, मध, शिकेकाई घेतो आणि त्याच वाड्यांच्या वनहक्काची कागदपत्रंही सांभाळतो. कळंबच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत पेठारवाडी आहे. ज्या डोंगरावर चार पिढ्या गेल्या, त्यावर वाडीचा सामूहिक हक्क मान्य व्हावा, असा तिचा दावा. शुक्रवारी प्रांतसाहेबांपुढे सुनावणी होती आणि नोटिशीत लिहिलं होतं, मूळ कागद सोबत आणावेत.

मूळ कागद म्हणजे ग्रामसभेचा ठराव आणि त्याखालचे अंगठे, पोशाबाबा या वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचा जबाब, आणि वाडीने हाताने काढलेला हद्दीचा नकाशा.

कपाटाला कुलूप नव्हतं, कारण संघाच्या या खोलीच्या दाराला होतं. इमारतीतली जुनी कुलपं काढून बॅटरीवर चालणारी नवी बसवायची होती. कुठली घ्यायची ते ठरत नव्हतं, म्हणून तीन मजल्यांवर तीन तऱ्हेची कुलपं पंधरा दिवस वापरून पाहायला लावली होती. या दाराला अंगठ्याचं होतं. अंगठा टेकवला की हिरवा दिवा लागे, दार उघडे, आणि कोणी किती वाजता उघडलं याची नोंद होई. आतून बाहेर यायला काही लागत नसे. दार आपोआप बंद होई. या कुलपात तीनच माणसांची बोटं भरलेली होती: निलेश, सुरेखा आणि संघाचं कोठार सांभाळणारी चिमा हिलम.

कुलपं पुरवणारा ओवेस खोत त्या दिवशी तळमजल्यावर एक दार ठीक करत होता. त्याला वर बोलावलं. त्याने मोबाईलवर नोंद काढली आणि मोठ्याने वाचली.

"अकरा वीसला निलेश हडप. त्यानंतर एक बेचाळीसला..." तो थांबला. "नंतर तीनला परत निलेश हडप."

"मधे कोण?" निलेश म्हणाले.

ओवेसने मोबाईल त्यांच्यापुढे धरला. कोपऱ्यात शिकेकाई निवडत बसलेल्या चिमाकडे सगळ्यांच्या माना वळल्या.

चिमा उठून उभी राहिली.

"मी नाय उघडलं," ती म्हणाली.

२

जुबेदा बुबेरेंना रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. मूळच्या दामतच्या, पण सगळी नोकरी कर्जत जंक्शनवर गेलेली. गावात त्यांना सगळे आपा म्हणत. बंद पडलेला पंखा असो नाहीतर हट्टी मिक्सर, तो त्यांच्याकडे येई. म्हणूनच पेज चेंबर्सच्या समितीने कुलूप निवडायचं काम त्यांच्यावर टाकलं होतं.

त्यांची वही अर्धी भरली होती. तळमजल्याचं आकड्यांचं कुलूप चार दिवसांत निकालात निघालं. समोरच्या चहावाल्यालाही आकडा पाठ झाला होता. पहिल्या मजल्यावर कार्डाचं कुलूप होतं. तिथल्या विमा एजंटने आपलं कार्ड विसरायला नको म्हणून चौकटीवरच ठेवून दिलं होतं. आपांनी ते काढून त्याच्या हातात दिलं आणि वहीत लिहिलं: 'कुलूप चांगलं, माणूस सुधारण्याजोगा.'

सोमवारी संध्याकाळी पाचला त्या आल्या तेव्हा निलेश पोलीस ठाण्यात निघालेच होते.

"तक्रार दिली की सुनावणी पुढे ढकलायला कारण मिळेल," ते म्हणाले. "दोन वर्षं लढतोय आपा मी या दाव्यासाठी. कळंबच्या बाजूला रिसॉर्टवाल्यांचा डोळा आहे त्या डोंगरावर. कोणीतरी तिला फितवलं असणार."

"तिला म्हणजे?"

"नोंद आहे ना. एक बेचाळीस, चिमा हिलम. यंत्र कशाला खोटं बोलेल?"

"यंत्र खोटं बोलत नाही," आपा म्हणाल्या. "पण आमच्या खात्यात एक शिकवलं होतं. नोंद दिसली की आधी विचारायचं, ही नेमकी कशाची नोंद आहे? केबिनमध्ये दिवा लागला म्हणजे गाडी आली असं नाही, रुळावरून काहीतरी गेलं एवढंच खरं." त्यांनी चष्मा पुसला. "मला बुधवारी अकरापर्यंत वेळ द्या. तक्रार तेव्हाही देता येईल."

निलेशनी हातातली बॅग खाली ठेवली. पोलिसांचं नाव एकदा चिमाला लागलं की पुसता येणार नाही, हे त्यांनाही कळत होतं. पण चीडही तेवढीच होती.

"बुधवारी अकरा," ते म्हणाले. "त्यापुढे एक मिनिट नाही."

३

मंगळवारी सकाळी चिमा जिन्याच्या मागच्या पायऱ्यांवर भेटली. चाळिशीची, सडपातळ. आपा शेजारी बसल्या.

"काल दुपारी कुठं होतीस गं?"

"हितंच. भाकरी खाल्ली. एकलीच व्हते." ती जमिनीकडे बघत म्हणाली. "कोन साक्ष देनार? काय गेलं की पयलं आमच्या वाडीवर येतात, आपा. हे नवं नाय."

"ते दार तू कधी उघडतेस?"

"मी?" चिमाला हसू फुटलं. "ते यंत्र मला वळखतच नाय. अंगठा ठेवला की लाल व्हतं. पोरपनापासून भट्टीवर इटा उचलल्या, हात बघा." तिने तळवे पुढे केले. बोटांची टोकं नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली होती. "रेशनच्या दुकानात बी असंच. रोज कोनाला तरी म्हनायचं, ताई उघडा, साहेब उघडा."

आपा तिला घेऊन दारापाशी गेल्या. चिमाने अंगठा ठेवला. लाल. बोट पुसून ठेवलं. लाल. दुसऱ्या हाताचा अंगठा, तर्जनी, मधलं बोट, एकेक करून सगळी झाली. दर वेळी लाल दिवा लागला आणि यंत्र चिडल्यासारखं वाजलं.

मागून निलेश आले होते. "काल उघडलं, आज उघडत नाही," ते म्हणाले. "सोयीचं आहे."

"असेल," आपा म्हणाल्या. त्या चिमाकडे वळल्या. "तू नाही उघडलंस, तर तुझ्या नावाने उघडलं कोणी? तुला काय वाटतं?"

चिमाचा चेहरा एकदम बंद झाला. तिने पदर खोचला, शिकेकाईचं सूप उचललं.

"मला नाय म्हाईत," ती म्हणाली. पण तिच्या बोलण्यातला मोकळेपणा गेला होता. आपांना ते तेव्हाच जाणवलं. चिमा चोर नव्हती. पण चिमा काहीतरी लपवत होती.

४

आत सुरेखा टेबलाशी बसून होती. उजव्या अंगठ्याला जाड पट्टी. डोळे जागरणाने सुजलेले.

"हे काय झालं?" आपांनी विचारलं.

"काल सकाळी विळीवर भोपळा कापताना. कालपासून मीही दाराबाहेरच. कुलपात माझा एवढाच अंगठा भरलाय, आणि पट्टीवरून ते काही घेत नाही." ती खिन्नपणे हसली. "आपा, मला नाही वाटत चिमाने घेतली असेल. पोलीस नको. काहीतरी चूक झाली असेल."

"दुपारी कुठे होतीस?"

"जेवायला घरी गेले होते, दहिवलीला. अडीचला परत आले."

निलेश तालुका न्यायालयात होते, पावणेतीनपर्यंत. तिथे त्यांना दहा जणांनी पाहिलं होतं. ओवेस बारापासून इमारतीतच होता, पण तळमजल्यावर, आणि त्याच्यावर नजर ठेवणारं कोणी नव्हतं.

आपांनी कपाट उघडलं. फाईलची जागा रिकामी होती. तिच्या शेजारी पिवळ्या पुठ्ठ्याची दुसरी फाईल होती. त्यांनी ती बाहेर काढली.

"ही कशाची?"

"त्याचीच झेरॉक्स," निलेश म्हणाले. "सगळा संच. पण प्रांतसाहेबांना मूळ कागद हवेत."

"आणि मूळ मिळालेच नाहीत तर?"

"तर गहाळ झाल्याचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. मग कदाचित झेरॉक्सवर चालवतील. दावा अगदीच मरणार नाही."

आपांनी पिवळी फाईल हातात तोलून पाहिली. रिसॉर्टवाल्याने माणूस पाठवला असता, तर त्याने शेजारचीच ही फाईल सोडली असती का? दोन्ही एका हातात मावत होत्या. ज्याला दावा बुडवायचा होता त्याने दोन्ही नेल्या असत्या. इथे मूळ गेली आणि झेरॉक्स जिथल्या तिथे राहिली.

म्हणजे चोराला दावा बुडवायचा नव्हता. त्याला एवढंच हवं होतं, की मूळ कागद शुक्रवारी कोणी पाहू नये.

त्यांनी झेरॉक्समधला ठराव काढला. तारीख फेब्रुवारीची होती. खाली नावांच्या ओळी आणि प्रत्येक नावापुढे अंगठा. झेरॉक्समध्ये सगळे अंगठे सारखेच दिसत होते, शाईचे काळे डाग.

"फेब्रुवारीत," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "वाडी कुठे असते?"

५

शिळफाट्याला महामार्गाच्या कडेला ओवेसचं दुकान होतं. आपा दुपारी तिथे पोचल्या तेव्हा त्याने आधी स्टूल पुसून दिलं आणि मग रडवेल्या आवाजात सुरुवात केली.

"आपा, माझ्यावर शक नका घेऊ. मास्टर कार्ड माझ्याकडे आहे, खरंय. पण त्याने उघडलं तरी नोंद होते. आणि मला त्या फाईलचं काय करायचंय?"

"शक नाही घेत, ओवेस. मला फक्त एक दाखव. बोट भरताना यंत्र त्याचा दर्जा मोजतं ना?"

"मोजतं. शंभरपैकी." त्याने लॅपटॉप उघडला. "हे बघा. निलेश हडप, एक्क्याण्णव. सुरेखा ऐनकर, पंच्याण्णव. चिमा हिलम..."

त्याने आकडा वाचला नाही. आपांनीच वाचला.

"शहाण्णव."

भट्टीवर आयुष्य गेलेल्या बाईच्या बोटाच्या रेषा वकिलाच्या बोटापेक्षा स्वच्छ! ओवेस डोळे बारीक करून पडद्याकडे बघत राहिला.

"हे असं कसं?"

"तू सांग. बोटं भरली तेव्हा तू समोर होतास?"

त्याने मान खाली घातली. "निलेशसाहेबांचं मी स्वतः घेतलं, ते लगेच खाली गेले. मग सुरेखाताईंचं घेतलं. चिमाबाईंचं लागेना. चार वेळा केलं, पाच वेळा केलं. तेवढ्यात खालून फोन आला, टेंपोत माल आला होता. मी म्हटलं, ताई, पडद्यावर येईल तसं करत राहा. मी परत आलो तर झालेलं होतं. मी खूश झालो."

"तिथे तेव्हा कोण होतं?"

"त्या दोघीच. सुरेखाताई आणि चिमाबाई."

आपांनी त्याच्याकडे बघत विचारलं, "सुरेखाने तुला त्या कुलपाबद्दल काही विचारलं होतं?"

"पुष्कळ! इतकं बारकाईने कोणी गिऱ्हाईक विचारत नाही. मागच्या आठवड्यात मी सांगत होतो, दोन माणसांचा अंगठा कधी सारखा नसतो, मशीन एका सेकंदात ओळखते. तर त्यांनी विचारलं, कागदावरचा शाईचा अंगठाही असा ओळखता येतो का? मी म्हटलं, येतो की. आता सगळीकडे तपासतात. मग त्यांनी विचारलं, झेरॉक्सवरचा?"

"तू काय म्हणालास?"

"म्हटलं, झेरॉक्समध्ये रेषा कुठे नीट येतात?"

महामार्गावरून एक लांबलचक ट्रेलर गेला. आपा स्टुलावरून उठल्या.

"ओवेस, उद्या अकराला कर्जतला ये," त्या मग म्हणाल्या. "आणि ते कुलूप तोवर कोणालाही हात लावू देऊ नको."

६

बुधवारी अकराला दुसऱ्या मजल्यावर सगळे जमले. निलेश, सुरेखा, ओवेस, चिमा. पेठारवाडीहून पोशाबाबाही आले होते. फाईल गेल्याचं वाडीत कळलं होतं, आणि ऐंशीच्या घरातला तो म्हातारा सकाळच्या एस्टीने येऊन काठीवर हात ठेवून बसला होता.

"मी कुलूप निवडायला आले होते," आपा म्हणाल्या. "तिथूनच सुरू करते. या पंधरवड्यात चिमाच्या नावाने हे दार दोनदा उघडलं. एकदा बोट भरलं त्या दिवशी, एकदा परवा. जी बाई दिवसातून दहा वेळा या कोठारात जाते, तिच्या नावावर दोन नोंदी. बाकीच्या वेळी तिला कोणीतरी दार उघडून दिलं. का? कारण यंत्र तिला ओळखत नाही. काल मी तिची दहाही बोटं ठेवून पाहिली."

"मग कुलपात आहे कोण?" निलेश म्हणाले.

"चिमाच्या नावाचं बोट आहे. चिमाचं नाही. चांगल्या, न झिजलेल्या रेषांचं बोट. ज्याने ते भरलं त्याने चोरीसाठी नाही भरलं, अडलेलं काम पुढे जावं म्हणून भरलं असणार. आणि परवाही चिमाला अडकवायचं म्हणून वापरलं नसेल. स्वतःचं बोट चालत नव्हतं, हे दुसरं चालतं एवढंच त्या घाईत आठवलं."

सुरेखाने पट्टी बांधलेला हात टेबलाखाली घेतला.

"ज्याने फाईल नेली त्याने झेरॉक्स ठेवली," आपा पुढे म्हणाल्या. "म्हणजे तो वाडीचा वैरी नाही. त्याला मूळ ठरावावरच्या अंगठ्यांची भीती होती. ठराव फेब्रुवारीचा आहे. पोशाबाबा, फेब्रुवारीत वाडीत कोण असतं?"

"म्हातारी मानसं," पोशाबाबा म्हणाले. "आन् कुत्री. बाकी समदी भट्टीवर."

निलेशनी पिवळी फाईल ओढून घेतली, ठराव उघडला, नावं वाचू लागले. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला.

"मी आता सगळ्यांना दहाही बोटं ठेवायला सांगू शकते," आपा म्हणाल्या. "पाच मिनिटांचं काम. पण मला ते करायचं नाही. ज्याचं बोट आहे त्याने स्वतः उठावं."

खालच्या रस्त्यावर रिक्षावाल्यांची बाचाबाची चालली होती, ती स्पष्ट ऐकू येत होती.

सुरेखा उठली. बाहेर जाऊन तिने दार ओढून घेतलं. आतल्यांना कुलूप लागल्याचा आवाज आला. क्षणभराने दार उघडलं. ती चौकटीत उभी होती, डाव्या हाताची तर्जनी अजून यंत्रावर टेकलेली. हिरवा दिवा लागला होता आणि वरच्या छोट्या पडद्यावर नाव उमटलं होतं, चिमा हिलम.

७

"दहा अंगठे माझे आहेत," सुरेखा म्हणाली. तिला बसवत नव्हतं. "ठरावाला अर्ध्याहून जास्त माणसं लागतात. बाया खालापूरकडे भट्टीवर होत्या. मी फोन केले, सगळ्या हो म्हणाल्या. मला वाटलं, हो म्हणाल्यात ना, मग अंगठा कोणाचा का असेना. प्रत्येक बोटाचा वेगळा ठसा घेतला. मग हे कुलूप आलं. ओवेसभाई म्हणाले, एका सेकंदात कळतं. मला वाटलं, शुक्रवारी कळणार आणि माझ्यामुळे दावा जाणार. मूळ नसेल तर झेरॉक्सवर चालेल..."

"मी त्या अंगठ्यांवर शपथेने बोलणार होतो!" निलेश ओरडले. "खरे आहेत म्हणून!"

"फाईल कुठाय?" आपांनी विचारलं.

"घरी. शिलाई मशीनच्या खणात. फाडायला घेतली होती. पण पोशाबाबांचा जबाब वर आला आणि हात चालेना." ती चिमाकडे वळली. "ओवेसभाईंनी नाव वाचलं तेव्हाच मी बोलायला हवं होतं. नाही बोलले. दोन दिवस नाही बोलले."

चिमा शांत होती. एवढी शांत, की आपांच्या मनात कालची गोष्ट जुळली.

"चिमा, तुझ्यासमोरच तिने बोट भरलं होतं. तुला ठाऊक होतं."

"व्हतं."

"मग सांगितलं का नाहीस? तुला पोलिसात देणार होते!"

"ताई सांगंल म्हून वाट बघत व्हते," चिमा म्हणाली. "आन् मी नाव घेतलं असतं तर शुक्रवारी कागद कोन मांडनार व्हतं? ते समदं तिलाच म्हाईत. दोन दीस अजून बघितलं असतं. मंग बोलले असते." तिने सुरेखाकडे सरळ पाहिलं. "पर राग हाय माजा. तो जायला टाईम लागंल."

सुरेखाने मान हलवली. तिच्या डोळ्यांतलं पाणी आता थांबत नव्हतं.

निलेश खिडकीशी जाऊन उभे राहिले होते. "फाईल मिळाली," ते सावकाश म्हणाले. "हे या खोलीबाहेर कोणालाच माहीत नाही. अंगठे खरंच कोणी तपासेल असंही नाही. शुक्रवारी नुसती मांडली तर..."

"नाय," चिमा म्हणाली. "त्यात माज्या आयेचा अंगठा लिवलाय. ती तवा भट्टीवर व्हती. डोंगुर आमचा हाय ना? मंग आमच्याच अंगठ्यानं मिळू द्या."

पोशाबाबांनी काठी जमिनीवर टेकली. "बरुबर बोलली पोरगी," ते म्हणाले. "मी हाय अजून. मी परत सांगेन समदं. आन् आता वाडी घरी हाय, वकीलसाहेब. भात कापून व्हईस्तोवर कोन कुठं जात नाय."

निलेश खिडकीपासून वळले. मग त्यांनी खुर्ची ओढली, चिमासमोर बसले आणि म्हणाले, "परवा मी तुमच्याबद्दल जे बोललो, ते चुकलं." एवढं बोलून त्यांनी कोरा कागद घेतला आणि अर्ज लिहायला घेतला.

शुक्रवारी प्रांतसाहेबांपुढे सुरेखाने स्वतःच्या हाताने लिहिलेला खुलासा दिला. साहेबांनी तो दोनदा वाचला. त्यांना राग आला होता, त्यांनी तो लपवला नाही. सुरेखाला लेखी ताकीद मिळाली आणि वाडीच्या कुठल्याही कागदावर साक्षीदार म्हणून तिची सही चालणार नाही असं बजावलं गेलं. पण दावा त्यांनी फेटाळला नाही. जुना ठराव मागे घ्यायला परवानगी दिली आणि नवा ठराव करायला सहा आठवडे दिले.

कुलपाचा निर्णय आपांनी त्याच संध्याकाळी समितीला सांगितला. सगळ्या मजल्यांवर कार्डाचं कुलूप, प्रत्येकाचं स्वतःचं कार्ड, आणि बॅटरी संपली तर साधी किल्ली. विमा एजंट कुरकुरला, की अंगठा विसरायची भीती नसते. आपा म्हणाल्या, "या इमारतीत निम्म्या बाया शेतावर, भट्टीवर राबून येतात. त्यांना दाराबाहेर ठेवणारं कुलूप कितीही हुशार असलं तरी आपल्या कामाचं नाही." ओवेसने मुकाट्याने अंगठ्याचं यंत्र काढलं. दुसऱ्या दिवशी त्याने दुकानातल्या जाहिरातीवरचं 'प्रत्येकाला ओळखते' हे वाक्यही खोडलं.

ऑक्टोबरात, भट्टीचे टेंपो यायच्या आत, पेठारवाडीच्या समाजमंदिरात ग्रामसभा झाली. सुरेखाला बोलवायचं की नाही यावर वाडीत तीन दिवस वाद झाला. शेवटी चिमानेच निरोप पाठवला. सुरेखा आली, सगळ्यांपुढे उभी राहिली, आपण काय केलं ते सांगितलं आणि मग मागे जाऊन बसली. एक म्हातारी तिला ठणकावून बोलली. दुसरीने तिला पाणी दिलं. ठराव वाचला गेला, आणि मग एकेक बाई पुढे येऊन आपला अंगठा आपणच उठवत गेली. शाई धुवायला ओढ्यावर एवढी गर्दी झाली, की पोरांनी तिथे जत्राच मांडली.

आठवड्याने हद्द पाहायला सरकारी माणसं आली. दोघे वनखात्याचे, एक महसुलाचा, गळ्यात मोजणीचं यंत्र. आपाही आल्या होत्या. डोंगर चढायची त्यांची हौस जुनी. पोशाबाबा पायथ्याच्या आंब्याखाली बसले आणि काठीने दिशा दाखवून म्हणाले, "म्होरं चिमा दावंल."

चिमा पुढे निघाली. करवंदीच्या जाळीतून, कातळावरून, मधाच्या पोळ्यांच्या कड्याखालून. प्रत्येक ठिकाणी थांबून ती नाव सांगे, इथे कोणाची आजी कंद काढायची, इथे कोणतं पाणी उन्हाळाभर टिकतं, आणि महसुलाचा माणूस लिहून घेई. दोन तासांनी पठारावर पोचल्यावर तो धापा टाकत दगडावर बसला.

"झाली ना हद्द, बाई?"

चिमाने पदराने मान पुसली. समोर पिवळं पडलेलं गवत वाऱ्यावर लवत होतं, आणि त्याच्या पलीकडे आणखी एक डोंगरधार निळसर उभी होती.

"न्हाय वो साहेब," ती हसून म्हणाली. "उठा. अजून निम्मा डोंगुर राहिलाय."